पोरांना बांधणारे घरमालक

आमचे घरमालक अंगणातून विहिरीकडे वळायचे तेव्हा आधी उजवा हात खांद्याच्या रेषेत बाहेर काढायचे. मागून कोणी येत नसे. मागे फक्त तुळस, एक आळशी मांजर आणि वाळत घातलेली आमसुलं. तरीही हात बाहेर, मग मान मागे, मग वळण. घराच्या कोपऱ्यावर पोचले की तोंडानं 'पों' करायचे. मी त्या घरात राहायला गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भरलेली कळशी घेऊन त्या कोपऱ्यावरून येत होते, आणि 'पों'चा अर्थ मला कोणी सांगितलेला नव्हता. आमची धडक झाली. कळशी त्यांच्या पायावर पडली. एका पायावर उभे राहून ते म्हणाले, "होरन दिलंय नाय काय मी?"

मी मूळची कोल्हापूरकडची. लग्नानंतर मालवणच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण झाले. आमचे हे तिथल्याच कचेरीत कारकून. भाड्याच्या दोन खोल्या, मागे पडवी, आणि घरमालक नवराबायको अशी आमची वस्ती होती. त्यांना मी काका म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला काकी. ते मला 'मास्तरीणबाय' म्हणत. शिकवण्याची हौस मात्र आमच्या दोघांत त्यांनाच जास्त होती.

एसटी येण्याआधी मालवण-कणकवली रस्त्यावर ज्या खाजगी कंपन्यांच्या मोटारी धावत, त्यांतली एक काका चालवायचे. ती कंपनी गेली, मोटार भंगारात गेली, काका घरी बसले. पण त्यांच्या अंगातून ती मोटार काही उतरली नाही. जेवताना काकी भात वाढायला लागल्या की दोन भातवाढ्यांनंतर ते पाय जमिनीवर दाबायचे. म्हणजे पुरे. काकींना ते कळायचं. मला कळायला वर्ष लागलं.

त्या घरात सुटी अशी एकही वस्तू नव्हती. कंदील खुंटीला दोरीनं बांधलेला. पाणी प्यायचा पेला माठाला साखळीनं. चष्मा काकांच्या कानांमागून दोऱ्यानं. देव्हाऱ्यातल्या गणपतीच्या तसबिरीला खालच्या बाजूनंही दोन खिळे आणि तार. आरामखुर्चीवर बसले की ते स्वतःच्या पोटावरून एक जुना कातडी पट्टा घ्यायचे, बकल लावायचे, मग वर्तमानपत्र उघडायचे.

"काका, खुर्ची कुठे जाणार आहे?" मी एकदा विचारलं.

"खुर्ची खंय जावची नाय," ते म्हणाले. "पण झोप लागली तर मी जायन."

त्यांचं एकच तत्त्वज्ञान होतं आणि ते पाच शब्दांचं होतं. गाडी थांबता, माणूस थांबणा नाय. हे समजावून सांगण्यासाठी एकदा त्यांनी पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या पाटावर ठेवला, पाट सर्रकन ओढला आणि उंबऱ्याला आपटून थांबवला. पाट थांबला. तांब्या माझ्या अंगावर आला. मी शाळेत निघाले होते, नवं इरकल नेसून.

"समाजला?" त्यांनी विचारलं.

समजलं होतं. त्या दिवशी मी शाळेत उशिरा पोचले आणि मुलींना तोच धडा शिकवला, पण पाण्याशिवाय.

एसटीतून कुठे जायचं असलं की काका काथ्याची दोरी बरोबर घ्यायचे आणि स्वतःला बाकाला बांधून घ्यायचे. कंडक्टर लोकांशी त्यांचं यावरून नेहमीच वाजायचं.

"आजोबा, हंय दोरी बांधूक मिळाची नाय."

"बरा. मगे त्याका सांग, ब्रेक लावू नको."

हे सगळं ऐकून मी हसायचे. एकदा पडवीत फणसाचे गरे सोलताना काकी म्हणाल्या, "हसा नको गो बाय. त्यामागे एक गजाल आसा." आणि त्यांनी ती सांगितली. मोटार चालवायला लागून काकांना थोडीच वर्षं झाली होती. कसालच्या अलीकडे रस्त्यात वासरू आडवं आलं. काकांनी ब्रेक लावला. वासरू वाचलं, मोटार वाचली. पण पुढच्या बाकावर बसलेल्या एका बाईच्या मांडीवरचं पोर उडून लोखंडी दांड्यावर आपटलं. खांद्याचं हाड मोडलं. पुढे हाड जुळलं, पोर मोठं झालं, आणि त्या बाईनं कधी काकांना दोषही दिला नाही. उलट देवानं वाचवलं म्हणून घरी येऊन नारळ दिला. तो नारळ काकांनी फोडू दिला नाही. कितीतरी दिवस तो कोनाड्यात तसाच होता.

त्यानंतर काकांनी नियमच केला. त्यांच्या मोटारीत मूल घेऊन चढणाऱ्या बाईनं मुलाला पदरानं नाहीतर दोरीनं बाकाला बांधायचं, मगच मोटार सुटणार. दोरी काका स्वतः पुरवत. याचा परिणाम काय झाला? लोक दुसऱ्या मोटारीनं जायला लागले. दुसरा ड्रायव्हर वळणावर विडी पेटवायचा, उतारावर गाडी मोकळी सोडायचा, पण कसा हसतमुख! त्याच्या मोटारीला पुढे झेंडूची माळ असायची. काकांच्या मोटारीबद्दल बायका म्हणायच्या, "जो आधीच पोरांक बांधता, त्याची गाडी पलटी होतलीच." सगळ्यांत सांभाळून चालवणारा ड्रायव्हर सगळ्या रस्त्यावर धोक्याचा म्हणून प्रसिद्ध झाला.

आमची छबू दीड वर्षाची झाली तेव्हा बाजारात ती खुर्ची आली.

बाजारपेठेतल्या एका शेटनं ती मुंबईहून बोटीनं मागवली होती. लहान मुलाला मोटारीत बसवायची खुर्ची. चकचकीत नळ्या, लालभडक रेक्झिन, वर दोन आकडे. मोटारीच्या पुढच्या बाकाच्या पाठीवर आकडे अडकवले की खुर्ची लटकते आणि मूल त्यात बसून काचेतून रस्ता बघतं. पुढे एक छोटं स्टिअरिंग, त्याला रबरी गोळा असलेला हॉर्न. खुर्चीचं नाव 'बाळराजे'. शेटनं दुकानावर पाटी लावली होती. पाटीवर गुटगुटीत बाळाचं चित्र, आणि खाली मोठ्या अक्षरांत: 'सुरक्षित बाळ, निश्चिंत आई. मुंबईत घरोघरी.'

काका पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "घराघरात असतली. गाडयेत आसा काय ता विचार."

त्या वेळी अख्ख्या मालवणात खाजगी मोटारी एका हाताच्या बोटांवर मोजता आल्या असत्या. पण खुर्च्या खपायला लागल्या. शाळेतल्या एका बाईंनी ती खिडकीच्या गजाला अडकवून त्यात मुलाला भरवायला सुरुवात केली. कोणी बैलगाडीच्या साटीला अडकवली. बंदरावर एका घरात ती झोपाळ्याच्या कडीला टांगलेली मी स्वतः पाहिली, आणि आत मूल नव्हतं, आजी होती. हॉर्न वाजवत होती.

खुर्ची एवढी खपण्याचं कारण म्हणजे डॉक्टर. गावातले सगळ्यांत मानाचे डॉक्टर, त्यांची काळी मोटार, आणि त्या मोटारीत पुढे अडकवलेली बाळराजे खुर्ची. शेट प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणायचा, "डॉक्टरांनी घेतली, आणखी काय सांगू?" आणि खरंच आणखी काय सांगायची गरजच पडत नसे.

छबूला खोकला झाला म्हणून मी तिला डॉक्टरांकडे नेलं तेव्हा सहज विचारलं, "डॉक्टर, ती बाळराजे खुर्ची कशी आहे?"

"उत्तम!" डॉक्टर म्हणाले. "औषधाच्या बाटल्या उभ्या राहतात. पूर्वी बॅगेत सांडायच्या."

"आणि मुलं?"

"कुणाची मुलं? मला कुठे मूल आहे?"

घरी येऊन मी हे सगळं आमच्या ह्यांना सांगितलं. मला वाटलं होतं, हे पोट धरून हसतील. हे गंभीरपणे म्हणाले, "म्हणजे बाटल्यासुद्धा सांडत नाहीत."

आणि पुढच्या आठवड्यात आम्ही ती खुर्ची घेतली. हे मी लपवून ठेवणार नाही. मला तांब्याचा धडा मिळाला होता, डॉक्टरांचं मी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, तरी घेतली. शाळेत इतर बायका मुलांच्या खुर्च्यांबद्दल बोलायच्या तेव्हा मला आपण कुठेतरी कमी आई आहोत असं वाटायचं. बाळराजे घेतली नाही म्हणजे मूल जड झालंय, असाच अर्थ व्हायला लागला होता. नणंदेच्या मुलाच्या मुंजीला नांदगावला टॅक्सी करून जायचं ठरलं होतं, तेवढं निमित्त पुरलं.

काकांना कळू नये म्हणून खुर्ची आम्ही आतल्या खोलीत ठेवली. पण छबूला हॉर्न सापडला. एका सकाळी काका विहिरीकडे निघाले होते. कोपऱ्यावर पोचले आणि आमच्या खोलीतून जोरात 'पों' ऐकू आलं. काका जागच्या जागी थांबले. भिंतीला लागून बाजूला झाले. हातानं 'जावा' अशी खूण केली. बराच वेळ काहीच गेलं नाही. पुन्हा 'पों'. काका आणखी थोडे बाजूला झाले, पायाखालची आमसुलं तुडवली गेली. तिसऱ्यांदा 'पों' झालं तेव्हा त्यांनी आमच्या खिडकीकडे बघितलं.

मी चोरासारखी खुर्ची बाहेर आणली. काका रागावले नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर घट्ट केला, आकडे बोटांनी वाकवून बघितले, रेक्झिनचा पट्टा ओढला. तो पट्टा मुलाच्या पोटावरून जाऊन एका चापाच्या बटणात लागायचा. पोलक्याला असतं तसलं बटण. काकांनी करंगळीनं ते उघडलं.

"बाय," ते हळूच म्हणाले, "ह्या बटनाच्या भरवशार तू छबूक बसयतंस?"

 मला त्यांचा राग आला. कारण ते बरोबर बोलत होते.

दुसऱ्या दिवसापासून पडवीत ठाकठोक सुरू झाली. काकांनी फणसाच्या लाकडाची खुर्ची केली. पाठ उंच, दोन्ही बाजूंना कान, खाली काथ्याच्या जाड दोऱ्या, त्या अख्ख्या बाकाला वेढा घालून गाठ मारायच्या. पट्टे जुन्या शिडाच्या कापडाचे. दोन खांद्यांवरून, एक पोटावरून, तिन्ही एकाच पितळी कडीत. ती खुर्ची भक्कम होती यात शंका नाही, पण दिसायला! तेल लावलेलं पिवळट लाकूड, सगळीकडून लोंबणाऱ्या सुंभाच्या दोऱ्या. काकी बघून म्हणाल्या, "शिरा पडो, तिरडी कित्याक केलात?" आणि तेच नाव पडलं. गावभर. काकांची तिरडी.

काकांनी खुर्ची बाजारात नेली, बायकांना दाखवली. एक कोळीण कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पोराक असा बांधतत? माझ्या पोरान काय चोरी केल्यान?" दुसरीनं विचारलं, "आणि होरन खंय?"

"होरन ड्रायव्हरान मारूचो. पोरान नाय," काका म्हणाले. तिथेच त्यांचं गिऱ्हाईक संपलं.

तेव्हा काकांनी ठरवलं, की सांगून पटत नाही, दाखवूया.

बाजाराचा दिवस होता. बाजारपेठेत उतरणारा जो रस्ता आहे त्याच्या वरच्या टोकाला काकांनी एक हातगाडी आणली. गाडीवर पुढे आडवी फळी ठोकली. फळीच्या एका बाजूला माझी बाळराजे खुर्ची आकड्यांनी अडकवली (मी ती दिली होती, आमच्या ह्यांना न विचारता), दुसऱ्या बाजूला तिरडी दोऱ्यांनी बांधली. दोन्हींत एकेक कोहळा बसवला. छबूच्या वजनाचा, घरी तागडीत तोलून. दोघांना पट्टे लावले. काकींनी हौसेनं दोन्ही कोहळ्यांना जुनी टोपडी घातली. उताराच्या तळाशी रस्त्यावर माडाचा ओंडका आडवा टाकला.

सगळा बाजार गोळा झाला. काकांनी हात वर करून तेच पाच शब्द ऐकवले, गाडी थांबता, माणूस थांबणा नाय. मग बाजूला सरकले, तोंडानं 'पों' केलं आणि गाडी सोडली.

गाडी धडधडत खाली गेली. ओंडक्याला लागली. धाडकन थांबली. तिरडीतला कोहळा जागचा हलला नाही, टोपडंसुद्धा सरकलं नाही. बाळराजेचे आकडे निसटले, बटण उघडलं, आणि त्यातला कोहळा टोपड्यासकट हवेत उडाला. लोकांच्या डोक्यावरून गेला. आणि बरोबर त्या शेटच्या दुकानाच्या उंबऱ्यावर जाऊन फुटला.

 काकांचा चेहरा उजळला होता. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं, आता कळलं सगळ्यांना.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "गो बाय माझे! दुकानाक कोहळो फुटलो!"

आणि माझ्या लक्षात आलं. दसऱ्याला मोटारीपुढे, नव्या दुकानापुढे आपण काय फोडतो? कोहळाच. दृष्ट जावी म्हणून. शेट मोठा हुशार माणूस. त्यानं क्षणाचाही वेळ न घालवता उंबऱ्यावरच्या त्या लगद्याला हात जोडले आणि मोठ्यानं म्हणाला, "देवान कौल दिलो! बाळराजेची दृष्ट गेली!" लोकांनीही हात जोडले. आणि मग सगळ्यांच्या माना हळूहळू तिरडीकडे वळल्या. तिथे दुसरा कोहळा टोपडं घालून शांत बसला होता.

"हो कोहळो फुटलोच नाय," कोणीतरी दबक्या आवाजात म्हणालं.

"अशुभ," दुसरा म्हणाला.

त्या आठवड्यात बाळराजेचा सगळा माल संपला. शेटनं नवा मागवला आणि पाटीवर एक ओळ वाढवली: 'दृष्ट काढलेली.'

काका तीन दिवस आरामखुर्चीतून उठले नाहीत. पट्टा लावून बसून राहिले. तो न फुटलेला कोहळा काकींनी सांडग्यांत घातला. ते सांडगे काकांनी पानातून बाजूला काढून ठेवले.

नांदगावला जायचा दिवस आला. आमच्या ह्यांनी टॅक्सीत पुढे बाळराजे अडकवली. हातगाडीवरून पडून तिच्या एका नळीला पोचा आला होता, तो ह्यांनी मला काही न बोलता ठोकून सरळ केला होता. ह्यांचा आग्रह साधा होता. मुंजीत सगळे बघणार, छबू बाळराजेतून उतरली पाहिजे. काका-काकी बरोबर येणार होते, कारण काकींचं माहेर तिकडेच तळेऱ्याच्या बाजूला. काका तिरडी घेऊनच आले. त्यांनी ती मागच्या बाकाला बांधायला घेतली. टॅक्सीवाला बघत राहिला.

मी छबूला उचललं आणि तिरडीत बसवलं. ह्यांच्या भुवया वर गेल्या. पण खरी लढाई ह्यांच्याशी नव्हती, छबूशी होती. तिला हॉर्न हवा होता. तिनं असा टाहो फोडला की शेजारपाजारचे बाहेर आले. हे म्हणाले, "अगं, बसू दे तिला पुढे! आपण काय शत्रू आहोत तिचे?" मी डळमळले. तिचे पट्टे सोडायला हात पुढे केला.

काका अंगणात उभे होते. त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं, रडणाऱ्या छबूकडे बघितलं. मग खिशातून पाना काढला. पुढे गेले, बाळराजेचं स्टिअरिंग आणि हॉर्न खोललं, आणि मागे येऊन तिरडीच्या पुढच्या दांड्याला तारेनं आवळून बसवलं. हे सगळं करताना त्यांचा चेहरा असा होता की जणू कोणी त्यांना स्वतःच्या तोंडानं खोटं बोलायला लावतंय. छबूनं हॉर्न दाबला. पों. रडं थांबलं.

पुढची बाळराजे रिकामीच राहिली म्हणून काकींनी त्यात लाडवांचा डबा ठेवला. मालवणचे खडखडे लाडू, शेव आणि गुळाच्या पाकाचे, नावाप्रमाणे दगडासारखे. आमचे हे मागे माझ्या शेजारी, काकी खिडकीशी, काका पुढे ड्रायव्हरपाशी. काथ्याच्या दोरीनं बाकाला बांधलेले.

कट्टा गावाच्या पुढच्या उतारावर झाडीतून एक म्हैस आली. घाई न करता रस्त्याच्या मध्यावर उभी राहिली. टॅक्सीवाल्यानं ब्रेक मारला.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बाळराजे आकड्यांतून सुटली आणि पुढच्या काचेवर आदळली. डबा उघडला. लाडू चहूकडे. एक टॅक्सीवाल्याच्या कानावर बसला, तो "मेलंय!" म्हणून ओरडला. आमचे हे पुढच्या बाकावर कपाळ आपटून परत आले. माझे दोन्ही हात आपोआप छबूकडे गेले होते, पण ते पोचण्याआधीच सगळं संपलं होतं, हे मला अजून आठवतं. आईचे हात पोचत नाहीत.

छबू जागच्या जागी होती. पट्टे ताणले गेले होते, ती किंचित पुढे झुकून पुन्हा मागे टेकली होती. तिनं पुढच्या म्हशीकडे बघितलं आणि हॉर्न दाबला. पों. म्हैस बाजूला झाली.

 पुढची काच बाळराजेच्या नळीनं तडकली होती, आणि ती खुर्ची काकांच्या पायाशी उलटी पडली होती. मी तिच्यात कोणाला बसवणार होते, हा विचार माझ्या मनात आला आणि मी छबूचा पाय घट्ट धरून बसले. हे कपाळ चोळत खाली उतरले. बाळराजे उचलली, रस्त्याच्या कडेला शेताच्या बांधापलीकडे फेकली. मग परत आले आणि काकांच्या खिडकीशी उभे राहिले.  शेवटी म्हणाले, "काका, लाडू गोळा करू काय?"

"करा," काका म्हणाले. मग स्वतःची दोरी सोडायला लागले.

छबू मुंजीत तिरडीतूनच उतरली. नणंदेनं विचारलं, "ह्या काय गो, लाकडाचा?" हे छाती पुढे काढून म्हणाले, "ही खास करून घेतलेली आहे." माणूस आहे, जाऊ द्या.

मालवणात परत आल्यावर मी शाळेत, नळावर, देवळात सगळ्यांना म्हशीची हकीकत सांगितली. बायकांनी लक्ष देऊन ऐकली. एकीनं विचारलं, "तुमची खुर्ची कोहळो फुटायच्या आधीची काय?" मी हो म्हणाले. "मगेच," ती म्हणाली. "ती दृष्ट न काढलेली."

मी घरी येऊन डोक्याला हात लावून बसले. काका म्हणाले, "जावंदे." पण काकी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. त्या आजवर शांतपणे सगळं बघत होत्या. आता त्यांनी हुकूम सोडला.

"तुमी खुर्चे करा. पण लाल रंगवा. होरन लावा. मी ते मुंबयक माझ्या परळच्या भावाक धाडतंय. तो थंयच्या आमच्या गाववाल्यांका वाटतलो. मे महिन्यात सगळे हंय येतलेच."

"म्हणजे मुंबयची म्हणान खपवूची? खोटा बोलाचा नाय!"

"खोटा खंय? मुंबयसून येतली मां? बोटीन येतली. मगे मुंबयचीच."

काका यावर दोन दिवस विचार करत होते. तिसऱ्या दिवशी होडीला लावायचा लाल रंग घेऊन आले. हॉर्न लावताना मात्र दर वेळी तोंड फिरवायचे. पट्ट्यांत काही बदलू दिलं नाही, दोऱ्याही नाही. प्रत्येक खुर्चीच्या खाली, कोणी बघणार नाही अशा जागी, खडूनं लिहायचे, 'मालवण'. एवढ्यानं त्यांचं मन शांत व्हायचं. बोट सुटायच्या दिवशी स्वतः बंदरावर जाऊन खुर्च्या खलाशांकडून नीट बांधून घ्यायचे.

मे महिना आला. मुंबईची माणसं आली, ट्रंका आल्या, आणि ट्रंकांबरोबर लाल खुर्च्या आल्या. गावात बोभाटा झाला. बाळराजे जुनी झाली, आता मुंबईला ही नवी निघाली आहे, लाकडी, तीन पट्ट्यांची. म्हणे मुंबईतले मोठमोठे लोक आता लाकडाचंच वापरतात. शेट स्वतः चौकशी करत आमच्या घरावरून गेला, कुठे मिळेल म्हणून. काकींनी त्याला परळचा पत्ता दिला.

एका दुपारी मी आणि काका एसटी स्टँडवर उभे होतो. शेजारी एक मुंबईची तरुण बाई, कडेवर गोरंगोमटं पोर, पायाशी लाल खुर्ची. काकांनी खुर्चीकडे बघितलं. मी त्यांच्याकडे बघितलं. 

"ही मुंबईची आहे, आजोबा," ती बाई आपणहून म्हणाली. "इकडे नाही मिळायची. पोराला सेफ राहते."

"असा?" काका म्हणाले. "बांधतत कशी?"

तिनं उत्साहानं पोराला खुर्चीत बसवलं आणि पट्टे लावून दाखवले. चुकीचे. खांद्याचे दोन्ही पट्टे काखेखालून घेतले होते. मी तोंड उघडणार होते. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"असा लावल्यार पोर वरसून सटाकला तर?" त्यांनी अगदी भोळ्या चेहऱ्यानं विचारलं. "माका म्हाताऱ्याक समाजणा नाय. परत दाखव गो."

तिनं सोडून पुन्हा लावले. एक पट्टा खांद्यावर आला. "आणि हो दुसरो कित्याक आसा?" तिनं थोडा विचार केला, दुसराही खांद्यावर घेतला. "आणि ही पितळी कडी?" तिनं तिन्ही पट्टे कडीत अडकवले, ओढून बघितले आणि स्वतःवरच खूश होऊन म्हणाली, "बघा! असं असतं ते."

"बरा सामान करतत मुंबयक," काका म्हणाले.

तिची गाडी आली. कंडक्टरनं खुर्ची बाकाला बांधू दिली, मुंबईची होती ना. गाडी सुटेपर्यंत काका उभे राहिले.

आम्ही घरी आलो तेव्हा काकी पडवीत होत्या. आमचे चेहरे बघून त्यांनी विचारलं, "काय झाला?"

काका आरामखुर्चीत बसले. पट्टा घेतला, बकल लावलं. मग म्हणाले, "एका बायेन माका खुर्चेचो पट्टो बांधूक शिकवल्यान."

"तुमका?"

"माका," काका म्हणाले. "आणि बरोब्बर शिकवल्यान."